आधी ओपीडी, मग अर्ज

जून उजाडला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच विषय असतो. नीटचा निकाल लागलेला असतो, गुणपत्रिका मोबाइलवर पुन्हा पुन्हा उघडली जाते आणि बारावी झालेल्या मुलीभोवती नात्यातली जाणती माणसं जमतात. त्यात हमखास दोन आवाज असतात. एक तालुक्याच्या गावी तीस-पस्तीस वर्षं दवाखाना चालवलेल्या मामांचा. दुसरा सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन सध्या इंटर्नशिप करत असलेल्या ताईचा. दोघंही डॉक्टर, दोघांनाही त्या मुलीचं भलंच हवंय, तरीही दोघांचं पटत नाही. या लेखातले मामा आणि ताई कुणा एका घरातले नाहीत. त्यांची मतं मात्र लातूर, नांदेड, अकोला, सोलापूर कुठंही ऐकायला मिळतील, आणि दोन्ही लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहेत.

मामांचं म्हणणं सरळ आहे. मिळेल तिथं प्रवेश घ्यावा. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी बसावं, तेव्हाही नाही जमलं तर आणखी एकदा. नावाआधी डॉक्टर लागलं की माणूस उपाशी राहत नाही आणि चार लोकांच्या उपयोगी पडतो.

ताईला हे मान्य नाही. "मामा, तुम्हाला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या गुणांवर प्रवेश मिळाला. तुमच्या वर्गातली पहिली चार मुलं डॉक्टर झाली. आता परीक्षा एक आहे आणि तिला अख्खा देश बसतो."

ती आकडे मांडते. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख ९ हजार मुलांनी नीट दिली. त्यातली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या जेमतेम निम्म्या सरकारी. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांपैकी नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळणारच नसते. 'क्वालिफाय झाली' या शब्दावर पेढे वाटणाऱ्या घरांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

"अगं, पण हिचे गुण तर बघ," मामा म्हणतात. "शेजारच्या पोराला गेल्या वर्षी एवढ्यावरच सरकारी मिळालं होतं."

इथं मामा चुकतात. गुणांची तुलना मागच्या वर्षाशी करणं हा या काळातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. २०२४ च्या नीटमध्ये ६५० च्या वर गुण मिळवणारी मुलं सुमारे तीस हजार होती. पहिल्या निकालात तर ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सुधारित निकालात ती संख्या १७ वर आली. पुढच्याच वर्षी फिजिक्सचा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते आणि ६५० च्या वर पोचलेली मुलं होती अवघी ७३. गुण तेच, पण एका वर्षी त्या गुणांना हजारोंच्या रांगेत जागा मिळते आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या शंभरात. म्हणून गुणपत्रिकेवरचा ऑल इंडिया रँक बघायचा आणि मागच्या दोन-तीन वर्षांत त्या रँकला, आपल्या प्रवर्गात, कुठलं महाविद्यालय मिळालं याच्या याद्या काढून बसायचं. राज्याचा सीईटी सेल प्रत्येक फेरीच्या याद्या जाहीर करतो. घरातल्या मोठ्यांनी दोन संध्याकाळी त्यात घातल्या तर शेजारच्या पोराची गरज उरत नाही.

रँक पुरेसा नसेल तर पुढचा प्रश्न येतो तो रिपीट करण्याचा. लातूरच्या किंवा नांदेडच्या क्लासेसच्या भागात सकाळी फिरलं की हा प्रश्न डोळ्यांनी दिसतो. अभ्यासिकांच्या बाहेर सायकली आणि चपलांच्या रांगा, मेसचे डबे पोचवणारी माणसं, भिंतीवर मागच्या वर्षीच्या यशवंतांचे फोटो. मामा त्या फोटोंकडे बोट दाखवतात. तिसऱ्या प्रयत्नात लागलेली मुलं त्यांनी स्वतः पाहिलीत.

"लागलेल्यांचा फलक लागतो, मामा," ताई म्हणते. "तीन वर्षं देऊन ज्यांचं झालं नाही, त्यांचा फलक कुठला क्लास लावतो?"

ताईचा रिपीटला विरोध नाही. तिची अट आहे. आधी कमी कुठं पडलं ते कागदावर मांडायचं. नीटमध्ये १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे, ४५-४५ फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. बायोलॉजीत ३६० पैकी ३२० असतील आणि फिजिक्स ६० वर अडलं असेल तर दुखणं सापडलं. एक वर्ष त्यावर घालवणं योग्य. पण तिन्ही विषय सारखेच मध्यम असतील, आणि मुलगी आधीच दिवसाला दहा तास बसत असेल, तर आणखी एक वर्ष तेच करून काय बदलणार? २०२२ पासून नीटला वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही, प्रयत्नांनाही मर्यादा नाही. त्यामुळे कुठं थांबायचं हे परीक्षा सांगत नाही, घरालाच ठरवावं लागतं. या मुद्द्यावर ताईचं पारडं जड आहे. एक वर्ष, ठरलेल्या दुखण्यासाठी, आणि त्याच वेळी दुसरा एखादा रस्ता उघडा ठेवून. तिसऱ्या वर्षापर्यंत मुलांचा अभ्यास तेवढा वाढत नाही, वाढते ती भीती.

प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या बाबतीत मात्र दोघांचा वाद बघण्यासारखा होतो, कारण इथं अनुभव उपयोगी पडत नाही, नियम पडतात. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते. अभिमत विद्यापीठं आणि एम्सच्या जागाही तिच्याकडेच. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, त्या मुंबईचा सीईटी सेल भरतो. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते. एकीकडे भरलं म्हणजे दुसरीकडे आपोआप जातं, असं समजून बसलेली मुलं दर वर्षी निघतात.

मग येतो पसंतीक्रम. मामांचा सल्ला: "जे मिळण्यासारखं आहे ते वर टाक. जेजे, केईएम वर टाकून उगाच पहिली फेरी वाया घालवू नकोस."

"नाही मामा, असं करायचं नाही." ताई इथं ठाम आहे, आणि तिचं ऐकायला हवं. संगणक रँकच्या क्रमानं एकेक विद्यार्थी घेतो. त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जिथं पहिली रिकामी जागा दिसेल ती देतो. वरचं महाविद्यालय मिळालं नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही. उलट 'सुरक्षित' नाव पहिलं टाकलं आणि ते मिळालं, तर त्याखाली लिहिलेलं हवंहवंसं महाविद्यालय रँक असूनही हातचं गेलं. म्हणून यादी मनातल्या खऱ्या क्रमानंच लिहायची, आणि जिथं मिळालं तरी जाणार नाही, ते नाव यादीत घालायचंच नाही.

मराठवाड्यातल्या पालकांना या यादीबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्याला खुल्या. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, त्यामुळे तिथल्या मुलांना जास्त गुण असूनही बाहेर राहावं लागायचं. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. आज लातूरची मुलगी मुंबईच्या जागेसाठी मुंबईच्या मुलीइतकीच हक्कदार आहे. तरीही कित्येक घरांत 'आपल्याकडचीच' चार महाविद्यालयं लिहून यादी संपते.

नव्या महाविद्यालयांचं काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, अमरावती, भंडारा, गडचिरोली, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई, मिळून ९०० जागा. मामांना यात आनंदच आनंद दिसतो. ते स्वतः अंबाजोगाईला शिकले. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं ते कॉलेजही एके काळी नवंच होतं, आणि तिथून निघालेल्या डॉक्टरांनी अर्धा मराठवाडा सांभाळला. ताई म्हणते, नवं घ्यायला हरकत नाही, पण आधी जाऊन बघ. अॅनाटॉमीला शिकवायला किती जण आहेत, वसतिगृह बांधून झालंय की भाड्याच्या खोल्या आहेत, रुग्णालयात पेशंट किती येतात. याचं उत्तर माहितीपुस्तिकेत मिळत नाही, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलं की मिळतं. जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या नव्या कॉलेजात पेशंट भरपूर आणि शिकणारी मुलं कमी असतात. हाताला काम मिळतं. हा फायदा मोठ्या शहरातल्या नामवंत कॉलेजात कधीकधी नसतो, हे ताईही कबूल करते.

पैशाच्या बोलण्यात मात्र ती मामांना हलू देत नाही. सरकारी महाविद्यालयाचं शुल्क वर्षाला दीड लाखाच्या आसपास. खासगी महाविद्यालयात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवेल ते, म्हणजे वर्षाला कित्येक लाख. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस-पंचवीस लाख आणि त्याहूनही वर. साडेचार वर्षांचं गणित केलं की कोटीच्या घरात जातं. "पाच एकर विकू, पोरगी डॉक्टर होऊ दे," असं म्हणणारे मामा एकटे नाहीत. पण शेत विकून झालेला डॉक्टर पहिल्या दिवसापासून ते पैसे परत कसे मिळवायचे या विचारात असतो, आणि तो विचार पेशंटच्या तपासणीच्या चिठ्ठीवर उतरतो. हा दोष त्या मुलाचा नाही, त्याला त्या ओझ्याखाली घालणाऱ्यांचा आहे.

इथं एक गोष्ट ठळक सांगायला हवी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. खासगीची फी बघून मागं फिरणाऱ्या अनेक मुलींच्या घरी ही माहिती पोचलेलीच नसते. आणि 'सीट बुक करून देतो' म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला तिथूनच परत पाठवावं. व्यवस्थापन कोट्यासकट सगळ्या जागा आता नीटच्या रँकवर, केंद्रीय प्रक्रियेतूनच भरल्या जातात, आणि कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

"मग परदेशी?" मामा विचारतात. "रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान. खासगीच्या तिसऱ्या हिश्श्यात होतं म्हणे."

"होतं. परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. तीनशेपैकी दीडशे गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. तरी बहुतेक वेळा पाचांत एक, फार तर तीनांत एक पास होतो. शिवाय २०२१ च्या नियमानं कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतूनच हवा, इंटर्नशिप तिकडं एक वर्ष आणि इकडं पुन्हा एक वर्ष. एजंट यातलं काय सांगतो तुम्हाला?"

मामा गप्प होतात. युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेली हजारो मुलं त्यांनीही टीव्हीवर पाहिलेली असतात.

आता पलीकडचं बघू. प्रवेश झाला, वसतिगृहात गादी पडली, पांढरा कोट शिवून आला. इथून पुढचं घरात कुणी बोलत नाही, आणि खरं तर अर्ज भरण्याआधी तेच बोलायला हवं.

पहिलं वर्ष अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीचं. डिसेक्शन हॉलमध्ये पाऊल टाकलं की आधी डोळे चुरचुरतात, फॉर्मॅलिनमुळे. देहदान केलेल्या माणसाबद्दल आदर राखण्याची शपथ घेऊन काम सुरू होतं. बहुतेक ठिकाणी सुरुवात खांद्यापासून, दंडापासून. काखेतली चरबी चिमट्यानं बाजूला करत करत ब्रॅकियल प्लेक्सस हे नसांचं जाळं शोधायचं. पुस्तकात पिवळ्या रंगात सुबक काढलेल्या त्या नसा प्रत्यक्षात राखाडी धाग्यांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं नस समजून भलतंच काहीतरी धरून बसतात. तोंडी परीक्षेत परीक्षक हाडांच्या ट्रेमधून एक हाड उचलून हातात देतात. गळ्याजवळची हासळी असेल तर आधी ते शरीरात असतं तसं धरून दाखवायचं, मग उजवं की डावं ते सांगायचं. तिथं घोकलेलं कामाला येत नाही, हातात घेऊन बघितलेलं येतं. जेवायला बसल्यावर बोटांना तो वास येतच राहतो. महिनाभरानं कळतही नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने फार जड जातात. नीटचा पेपर मराठीत देता येतो, पण एमबीबीएसचं सगळं शिक्षण इंग्रजीत. बारावीला जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी पहिल्या अंतर्गत परीक्षेत नापास होते आणि तिला वाटतं, आपण इथल्या नव्हेच. मामा म्हणतात, "होतं सुरळीत, आमचंही झालं." ताई म्हणते, होतं, पण आपोआप होत नाही. पहिल्याच आठवड्यात सीनियरना गाठायचं, लेक्चरच्या आधी तो भाग वाचून जायचं, आणि नापास झालं तर घरी सांगायचं. पहिलं वर्ष उत्तीर्ण व्हायला चारच संधी असतात आणि सगळा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावा लागतो. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रात्यक्षिकांना ८० टक्के. जगाला 'आता सुटली' असं वाटत असताना ही मुलगी बारावीपेक्षा जास्त अभ्यास करत असते.

"आमच्या वेळी डिप्रेशन वगैरे काही नव्हतं," मामा एकदा बोलून जातात.

"होतं, मामा. त्याला नाव नव्हतं." राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा २०२४ चा अहवाल सांगतो की सर्वेक्षणात उत्तरं देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिकांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं, आणि सहांतल्या जवळपास एकाच्या मनात कधी ना कधी आत्महत्येचा विचार आला होता. हे वाचून मुलीला पाठवू नये असं ताईचं म्हणणं नाही. पाठवताना तिला हे सांगावं की नापास होणं चालेल, एक वर्ष मागं राहणं चालेल, सोडून परत येणंही चालेल. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो वसतिगृहाच्या खोलीतल्या भिंतीवर लिहिलेला असावा.

आणि मग वॉर्ड. या विषयावर आले की मामांचा आवाज बदलतो, आणि ताईचाही. इथं दोघांत भांडण उरत नाही.

दुसऱ्या वर्षापासून मुलं वॉर्डात जाऊ लागतात. पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून हिस्टरी घ्यायची. सरकारी रुग्णालयात मराठी माध्यमातली ती मागं पडलेली मुलगी अचानक पुढं येते. खाटेवरची आजी म्हणते, "पोटात गुबारा धरलाय, वर कळ येते, आणि जीव घाबरा होतो." ती मुलगी खाली बसते, आजीचा हात हातात घेते आणि विचारते, कळ जेवणाआधी येते का नंतर, पाठीकडे जाते का, घाम सुटतो का, शौचाला काळं होतं का. दहा मिनिटांत तिच्याकडे जी माहिती असते ती रक्ताच्या तपासणीत मिळत नाही. मामा सांगतात, निम्मं निदान तिथंच होतं. त्यांच्या दवाखान्यात आजही एक्स-रे मशीन नाही, आणि तरी छातीत दुखणाऱ्या माणसाला गाडीत घालून लातूरला कधी पाठवायचं हे त्यांचं चुकत नाही.

इंटर्नशिप याहून वेगळी. ताईचा दिवस रक्ताचे नमुने काढण्यात, रिपोर्ट आणण्यात, रक्तपेढीच्या खिडकीसमोर उभं राहण्यात, स्ट्रेचर ढकलण्यात जातो. ड्युटी चोवीस तासांची असू शकते. दरमहा १८ हजार रुपये विद्यावेतन मिळतं. याच वर्षात तिला नीट-पीजीचा अभ्यासही करायचाय, ज्याला अलीकडे दर वर्षी दोन लाखांच्या वर डॉक्टर बसतात. सहकारी मुलं ड्युटीरूममध्ये कानात इयरफोन घालून दीडपट वेगानं लेक्चरं ऐकताना दिसतात आणि बाहेर पेशंटचे नातेवाईक कुणीतरी आपल्याशी बोलावं म्हणून थांबलेले असतात. ताईला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं. शिकण्याचं सर्वांत चांगलं वर्ष पुढच्या परीक्षेनं खाऊन टाकलं, असं ती म्हणते.

मामा लगेच पकडतात. "म्हणून म्हणतो, पीजीच्या मागं सगळ्यांनी लागायचं कशाला? गावात साधा एमबीबीएस डॉक्टर आहे कुठं? डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावून माणसं मरत होती, तेव्हा त्यांनी प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली, प्राझोसिन हे औषध वापरून बघितलं, आणि लॅन्सेटमध्ये छापून आलं. कुठलं मोठं हॉस्पिटल होतं तिथं?"

"एकही नव्हतं. आणि म्हणूनच ते मोठे आहेत," ताई म्हणते. "पण सोयी नसताना बावस्करांनी केलं, म्हणून सोयी न देता सगळ्यांनी तसंच करावं, असं सरकारनं धरून चालायचं का? सरकारी कॉलेजात शिकले म्हणून एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे, नाही केला तर दहा लाख दंड. मी बाँड करणार आहे. मला जायचंय. पण तिथं रात्री राहायला कडी लागणारी खोली, सर्पदंशावरचं प्रतिविष आणि चालू रुग्णवाहिका हवी. हे मागणं म्हणजे सेवेला नकार नव्हे."

या उत्तराला मामांकडे तोड नाही, आणि असूही नये. ज्या पिढीनं सोयींविना काम केलं तिचा मान राखूनही, पुढच्या पिढीनं सोयी मागणं हे रुग्णांच्याच हिताचं आहे. दुसऱ्या बाजूनं, बाँडचं वर्ष कसंबसं संपवायचं किंवा पैसे भरून सुटायचं, ही जी मानसिकता महाविद्यालयांत मुरली आहे, तिच्याबद्दल मामांची चीड पूर्णपणे रास्त आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधीविचारांचा एक पेपर असायचा. नीट आल्यावर तो गेला. एकच परीक्षा झाल्यानं मुलांची अर्ज भरण्याची आणि गावोगाव फिरण्याची दगदग वाचली हे खरं, पण तू डॉक्टर कशासाठी होणार, हा प्रश्न प्रवेशाच्या वाटेवर आता कुणीच विचारत नाही. तो घरानं विचारायला हवा.

तो विचारण्याची एक रीत मामा आणि ताई दोघांनाही पटते. अकरावीच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला जवळच्या सरकारी रुग्णालयात एखाद्या सोमवारी सकाळी न्यावं. केसपेपरच्या रांगेपासून ओपीडीच्या बाकापर्यंत दोन तास बसू द्यावं, ओळखीच्या डॉक्टरची परवानगी असेल तर अपघात विभागाच्या दारापर्यंत जाऊ द्यावं. रक्त, उलटी, रडारड, वैतागलेला डॉक्टर, त्यातच शांतपणे टाके घालणारी सिस्टर, हे सगळं बघून ज्याला पुन्हा यावंसं वाटतं त्यानं नीटच्या मागं जरूर लागावं. ज्याला वाटत नाही त्याच्यासाठी फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्र, संशोधन असे मानाचे कितीतरी रस्ते आहेत.

आणि ज्यांचं ठरलं आहे त्यांनी कागदपत्रांना आजच लागावं. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र सक्तीचं आहे. अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो, आणि समितीला वेळ लागतो. अधिवास प्रमाणपत्र, चालू आर्थिक वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र तयार ठेवावं. एमसीसीकडे केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही. एसईबीसी आरक्षण फक्त राज्याच्या जागांना लागू आहे. चांगला रँक असूनही एका कागदासाठी जागा हुकलेली मुलं प्रत्येक फेरीत सापडतात. त्यांच्यात आपलं मूल असू नये, एवढी काळजी पालकांनी जूनच्या आधी घ्यावी.